टेप एक, मापे दोन : घरच्या घरी ब्राचे माप

आपल्या या सदरात आजवर मधुमेह, रक्तदाब, विमा, मुदत ठेवी असे विषय येऊन गेले. आजचा विषय जरा संकोचाचा आहे, पण तो आरोग्याचाही आहे आणि पैशांचाही. शिवाय घरातल्या निम्म्या माणसांचा तो रोजचा विषय आहे. त्यामुळे पुरुष वाचकांनीही पान उलटून पुढे जाऊ नये, ही विनंती. बायको किंवा मुलगी ‘पाठ भरून येते’ म्हणते तेव्हा कारण कधी कधी कपाटाच्या खणात असते, हे त्यांनाही ठाऊक असलेले बरे.

मी डॉक्टर नाही, शिवणकामाची शिक्षिकाही नाही. इथे हमरियात राहते आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी करते. आकड्यांशी रोजचा संबंध असल्याने एक प्रश्न मला सतावत असे : एकाच बाईला एका दुकानात ३४ बसते, दुसऱ्या दुकानात ३६ आणि तिसऱ्यात ७५, हे कसे? मग वेगवेगळ्या कंपन्यांचे तक्ते समोर ठेवून गणित मांडले. इमारतीतल्या मैत्रिणींनी आपापली मापे घेऊन ते पडताळून पाहिले. त्यातून जे हाती आले, ते इथे क्रमाने देत आहे.

चौतीस म्हणजे काय?

रुवीच्या बाजारातले एखादे छोटे दुकान डोळ्यांपुढे आणा. काउंटरपलीकडे बहुधा पुरुष विक्रेता. मागे कोणी तरी ओळखीचे उभे. आपण हळू आवाजात ‘चौतीस द्या’ म्हणतो, पिशवी घेतो आणि बाहेर पडतो. घालून पाहण्याची सोय नसते, विचारायची हिंमत नसते. काही जणी तर इथे घेतच नाहीत. वर्षाच्या सुट्टीत दादर नाहीतर लक्ष्मी रोड गाठून एकदम अर्धा डझन आणतात आणि न बसणारे सहा नग पुढची दोन वर्षे वापरतात.

हा चौतीस आकडा आला कुठून, असे विचारले तर बहुतेक जणी सांगतात, ‘शिंप्याने ब्लाउजचे माप घेतले होते ना!’ इथेच पहिला घोळ आहे. शिंपी छातीचे माप घेतो ते सर्वांत भरलेल्या भागावरून. ब्लाउजसाठी ते बरोबरच आहे, कारण पुढे मुंढा, टक्स, बाही ही बाकीची मापे धरून तो कापड आपल्या अंगाप्रमाणे बेततो. ब्रा मात्र तयार मिळते आणि तिला दोन मापे लागतात. पहिले, छातीच्या खालच्या घेराचे. त्यावरून आकडा ठरतो. दुसरे, भरलेल्या भागाचे. या दोन मापांतल्या फरकावरून ए, बी, सी, डी हे अक्षर ठरते. अक्षर म्हणजे कपाचा आकार. कटोरी ब्लाउज शिवून घेतलेल्या भगिनींना कप म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

ही अक्षरे फार जुनी नाहीत. अमेरिकेतल्या एस. एच. कँप या कंपनीने १९३२ मध्ये ए ते डी अशी प्रतवारी सुरू केली आणि पुढे इतरांनी ती उचलली. आपल्याकडे मात्र आकडा तेवढा रुजला, अक्षर मागे पडले. ‘चौतीस’ सगळ्या म्हणतात, ‘चौतीस सी’ म्हणणाऱ्या थोड्या.

भार कोण पेलतो?

दुसरा गैरसमज असा की ब्रा खांद्यावरच्या पट्ट्यांवर टांगलेली असते. खरे तर बहुतेक भार छातीखालच्या, पाठीमागून हुकांनी जोडलेल्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावरच्या पट्ट्या कप जागेवर ठेवण्यापुरत्या. आपल्या आज्यांची खणाची चोळी आठवा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण, आणि पुढे छातीच्या बरोबर खाली मारलेली घट्ट गाठ. ती गाठ रोज अंगासरशी आवळता येई आणि आधार खालून मिळे. तयार ब्रामध्ये गाठीचे ते काम घेराचा पट्टा करतो.

घेर सैल असला की पट्टा पाठीवर वर चढतो. मग आपण खांद्याच्या पट्ट्या आवळत जातो. खांद्यांवर वळ उठतात, मान आणि पाठ दुखू लागते. उलट कप लहान असेल तर वरून आणि बगलेकडून फुगवटा येतो, तार रुतते, आणि मस्कतच्या उन्हाळ्यात छातीखाली घाम साचून घामोळे किंवा बुरशीचा पुरळ येतो. (असा पुरळ आठ-दहा दिवसांत गेला नाही तर पावडरी बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावा.)

हे आपल्याकडेच होते असेही नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ३० तरुण स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या ८० टक्के चुकीच्या मापाची ब्रा वापरत होत्या : ७० टक्क्यांची लहान, १० टक्क्यांची मोठी. पाहणी लहान आहे, पण अनुभव ओळखीचा आहे.

माप कसे घ्यावे?

साहित्य : शिवणकामाची कापडी टेप, आरसा, कागद आणि पेन्सिल. टेप जुनी असेल तर ती ताणून लांबलेली असते. मुलांच्या दप्तरातल्या पट्टीशी एकदा ताडून पाहा. टेप नसेल तर न ताणणारी सुतळी किंवा फीत चालेल; खूण करून पट्टीवर मोजावी.

वेळ : मासिक पाळीच्या आधी काही दिवस छाती जड होते आणि माप वाढते. म्हणून पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात मोजावे.

कपडे : अस्तर किंवा पॅड नसलेली, त्यातल्या त्यात नीट बसणारी साधी ब्रा घालून, किंवा काहीच न घालता. खोलीचे दार लावून, आरशासमोर, दोन्ही पायांवर सरळ उभे राहावे. हात खाली सैल.

पहिले माप (खालचा घेर) : टेप छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवरून फिरवावी. ती पुढे-मागे एका पातळीत आहे ना, हे आरशात पाहावे. पाठीमागे टेप खाली घसरते, तिकडे लक्ष ठेवावे. श्वास सोडून टेप अंगाला नीट चिकटेल इतकी घट्ट धरावी; रुतू देऊ नये.

दुसरे माप (भरलेला भाग) : टेप सर्वांत भरलेल्या भागावरून, पुन्हा एका पातळीत. या वेळी ती फक्त टेकलेली असावी, दाबू नये. छाती जड असेल तर आणखी एकदा कमरेतून पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून मोजावे आणि उभे-वाकून अशा दोन्ही मापांची सरासरी घ्यावी.

प्रत्येक माप तीनदा घ्यावे आणि मधला आकडा धरावा. सेंटीमीटर आणि इंच दोन्ही लिहून ठेवावेत. पुढे दोन्ही लागतात.

आता गणित

समजा, खालचा घेर २९ इंच (सुमारे ७४ सेंमी) आणि भरलेला भाग ३६ इंच (सुमारे ९१.५ सेंमी) आला. आता तीन पद्धतींनी उत्तर काढू.

१. जुनी इंची पद्धत. खालचा घेर विषम असेल तर त्यात ५ मिळवायचे, सम असेल तर ४. म्हणून २९ + ५ = ३४. मग भरलेल्या भागातून हा आकडा वजा करायचा : ३६ – ३४ = २. फरक १ असेल तर ए, २ बी, ३ सी, ४ डी. उत्तर : ३४ बी.

२. युरोपीय पद्धत. हिच्या मानकाचे नाव ईएन १३४०२. खालचा घेर सेंटीमीटरमध्ये, जवळच्या पाचाच्या पटीत : ६८ ते ७२ ला ७०, ७३ ते ७७ ला ७५, ७८ ते ८२ ला ८०, ८३ ते ८७ ला ८५. आपला घेर ७४, म्हणून ७५. दोन मापांतला फरक १२ ते १४ सेंमी असेल तर ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. आपला फरक १७.५. उत्तर : ७५ सी. इंची लेबलवर हेच ३४ सी.

३. नवी इंची पद्धत. ब्रिटनमधल्या बऱ्याच कंपन्या आता चार-पाच मिळवत नाहीत. खालचा घेर जवळच्या सम आकड्यावर नेतात : २९ चे ३०. मग ३६ – ३० = ६. तिथली अक्षरे ए, बी, सी, डी, मग डबल डी, मग ई, म्हणून सहा इंचांना ई. उत्तर : ३० ई.

अंग तेच, टेप तीच. लेबले मात्र तीन : ३४ बी, ३४ सी आणि ३० ई! दुकानादुकानात आकडा बदलण्याचे रहस्य एवढेच आहे. आपण जाड किंवा बारीक झालेल्या नसतो. मोजणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. मस्कतमध्ये तर भारतीय, ब्रिटिश, युरोपीय आणि अमेरिकन माल एकाच रस्त्यावर विकायला असतो, म्हणून हा घोळ इथे जास्त जाणवतो.

व्यवहारात लक्षात ठेवण्याचा तक्ता असा :

इंची ३२ = युरोपीय ७० = फ्रेंच ८५
इंची ३४ = युरोपीय ७५ = फ्रेंच ९०
इंची ३६ = युरोपीय ८० = फ्रेंच ९५
इंची ३८ = युरोपीय ८५ = फ्रेंच १००

फ्रेंच आकडा युरोपीय आकड्यापेक्षा सरसकट १५ ने जास्त असतो. ८५ दोन्हीकडे दिसतो, पण दोहोंत तीन मापांचे अंतर आहे. तेव्हा लेबलवर देश पाहावा. डीपर्यंतची अक्षरे बहुतेक ठिकाणी सारखी चालतात. त्यापुढे ब्रिटिश आणि अमेरिकन अक्षरे वेगळी होतात.

बहीण-मापे

आणखी एक उपयोगी गोष्ट. कपाचे अक्षर एकटे काहीच सांगत नाही. ते आकड्याबरोबरच वाचायचे. ३४ सीचा कप आणि ३८ सीचा कप सारखे नव्हेत, ३८ सीचा मोठा असतो. उलट ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिन्हींत कपाचा आकार जवळपास सारखाच असतो, घेर तेवढा बदलतो. यांना बहीण-मापे म्हणू.

नियम सोपा : घेर एक पायरी खाली घेतला तर अक्षर एक पायरी वर घ्यायचे, घेर वर घेतला तर अक्षर खाली. ३४ बीचा कप छान बसतो पण पट्टा सैल आहे, तर ३२ बी मागू नका, ३२ सी मागा. पट्टा आवळतो आहे, तर ३६ ए.

याच नियमाने वरच्या तीन उत्तरांची गाठ घालता येते. ३० ई म्हणजे ३२ डबल डी, म्हणजेच ३४ डी. म्हणून आपल्या उदाहरणातल्या बाईने ३४ सीपासून सुरुवात करावी, आणि एक कप अलीकडचा (बी) व एक पलीकडचा (डी) पाहून मग ठरवावे. ज्या कंपनीची ब्रा घ्यायची, तिचा स्वतःचा तक्ता मिळाला तर तो आधी पाहावा.

खरी परीक्षा अंगावर

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहून झाला म्हणजे काम झाले असे मानत नाहीत. तो चालवून तपासावा लागतो. इथेही टेपने मिळते ती सुरुवात. ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठातल्या मॅकगी आणि स्टील या संशोधिकांनी २०१० मध्ये हेच सांगितले : नुसत्या मापावर विसंबू नये, अंगावर कशी बसते याच्या कसोट्या स्त्रियांना शिकवाव्यात. त्या कसोट्या अशा :

१. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावून पाहावी. वापराने पट्टा सैल पडतो, तेव्हा आतले हुक कामी येतात. नवी असतानाच आतला हुक लावावा लागला तर घेर मोठा आहे.

२. घातल्यावर थोडे पुढे वाकून बगलेकडचा भाग हाताने कपात नीट बसवून घ्यावा. पुष्कळ जणी हे करत नाहीत आणि मग कप मोठा वाटतो.

३. पट्टा पुढे-मागे एका पातळीत हवा. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. मूठ जाऊ नये.

४. दोन्ही हात वर करा, वरच्या फळीवरचा डबा काढताना करतो तसे. पट्टा वर सरकला तर घेर सैल आहे.

५. खांद्याच्या पट्ट्या क्षणभर उतरवा. घेराचा पट्टा जागच्या जागी राहिला पाहिजे.

६. कपाच्या वरून किंवा बगलेतून फुगवटा आला तर कप लहान. कापडाला चुण्या पडल्या तर कप मोठा.

७. तारेची ब्रा असेल तर मधला भाग छातीच्या हाडाला टेकावा आणि तार बरगडीवर बसावी, मऊ भागावर नव्हे.

८. शेवटी खाली बसा, वाका, खोल श्वास घ्या. दहा मिनिटांनी ब्राची आठवण राहिली नाही तर माप जमले.

दुकानात खोली नसेल तर घरी नेऊन बदलता येईल का, हे पैसे देण्याआधी विचारावे. अंतर्वस्त्रे बरीच दुकाने परत घेत नाहीत. घरपोच मागवतानाही परतीचा नियम आधी वाचावा. पहिल्या खेपेला एकच नग घ्यावा. तो आठवडाभर वापरून पटला की मग बाकीचे.

माप कधी बदलते?

एकदा घेतलेले माप जन्मभर पुरत नाही. वजन चार-पाच किलोंनी कमी-जास्त झाले, बाळंतपण झाले किंवा पाळी जाण्याचे वय आले की पुन्हा मोजावे. एरवी वर्षातून एकदा पुरे. दूध पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनी, दूध स्थिरावल्यावर, पुन्हा माप घ्यावे. तोवर घट्ट ब्रा टाळावी. सतत दाब पडला तर दुधाच्या नलिका तुंबू शकतात. छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निवड करावी.

वाढत्या वयातल्या मुलींबद्दल दोन शब्द. इथे आजी, मावशी, आत्या जवळ नसतात. विषय काढायचा तो आईनेच. मुलीला टेप कशी धरायची ते दाखवावे, आणि माप तिचे तिला, दार लावून घेऊ द्यावे. मऊ सुती, बिनतारेची ब्रा पुरते. या वयात माप थोड्याच महिन्यांत बदलते, म्हणून एका वेळी दोनच घ्याव्यात. खेळणाऱ्या मुलींना खेळाची वेगळी ब्रा घ्यावी. केवळ अवघडल्यामुळे पळणे किंवा पोहणे सोडणाऱ्या मुली असतात, आणि त्यांचे खरे कारण घरात कोणाला कळतही नाही.

एक भीतीही दूर करायला हवी. ब्रा घातल्याने किंवा तारेमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे अधूनमधून कानावर येते. अमेरिकेतल्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या सुमारे १५०० स्त्रियांची माहिती तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ब्रा वापरणे आणि कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. पण माप घ्यायला आरशासमोर उभ्याच आहात, तर नीट पाहूनही घ्या : गाठ, काखेत सूज, त्वचेला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून स्राव, किंवा एका बाजूचा आकार नव्याने बदलणे. दोन्ही बाजू मुळात थोड्या लहान-मोठ्या असणे स्वाभाविक आहे. माप मोठ्या बाजूचे धरावे. मात्र यांतले काही नवीन दिसले तर ‘सुट्टीत भारतात गेल्यावर दाखवू’ म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात इथल्या डॉक्टरांकडे जावे.

हिशेब

न बसणाऱ्या सहापेक्षा बसणाऱ्या तीन स्वस्त पडतात : एक अंगावर, एक धुण्यात, एक विश्रांतीला. लवचीक पट्ट्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून एकच ब्रा रोज लागोपाठ घालू नये. हुक लावून, हाताने किंवा जाळीच्या पिशवीत घालून धुवावी, पिळू नये. इथल्या कडक उन्हात आणि ड्रायरमध्ये लवचीक धागे लवकर मरतात, सावलीत वाळवावी. सर्वांत आतल्या हुकावरही पट्टा वर चढू लागला की तिची सेवा संपली असे समजावे.

खालील नोंद कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. दुकानात जाताना तिचा फोटो फोनमध्ये असला म्हणजे काउंटरवर पुटपुटायची वेळ येत नाही.

तारीख : ______
खालचा घेर : ____ सेंमी / ____ इंच
भरलेला भाग : ____ सेंमी / ____ इंच
फरक : ____ सेंमी / ____ इंच
इंची माप : ____ युरोपीय माप : ____
बहीण-मापे : ____ आणि ____
बसलेली कंपनी आणि प्रकार : ______
पुन्हा मोजण्याची तारीख : ______